चूक भूल द्यावी घ्यावी

आमच्या लहानपणी वाण्याच्या पावतीवर अगदी तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असायचं - चू. भू. द्या. घ्या. मला बरीच वर्षं ते कुठल्या तरी कुलदैवताचं नाव वाटायचं! एकदा धीर करून वडिलांना विचारलं, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "अगं, हिशेबात चूक झाली असेल तर समजून घ्या. जास्त घेतले असतील तर परत न्या, कमी घेतले असतील तर आणून द्या." तेवढ्या चार अक्षरांत किती माणुसकी आहे असं तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता मात्र वाटतं. इंटरनेटवर लिहिणारी आपली मंडळीसुद्धा लेखाखाली 'चूभूद्याघ्या' लिहून मोकळी होतात, ते बघून मला दर वेळी तो वाणी आठवतो.

आज या दोन शब्दांवरच लिहायचं आहे. चूक आणि भूल. त्यातली भूल मोठी गमतीची. भूल म्हणजे विसर, भूल म्हणजे मोहिनी, आणि भूल म्हणजे डॉक्टर देतात तीसुद्धा. विषय वैद्यकाचा आहे, आणि मी पडले मराठी माध्यमातली बी. ए., इतिहास शिकवण्यात जन्म गेलेला. तेव्हा घरातल्या डॉक्टर मंडळींनी सांभाळून घ्यावं.

झालं असं की गेल्या वर्षी मी न्हाणीघरात घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण खांद्यातला स्नायूबंध फाटला. हात वर जाईना, वेणी घालता येईना. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आणि मी ते तब्बल आठ महिने पुढे ढकललं. कधी दिवाळी झाली की, कधी नातवाची परीक्षा झाली की. खरं कारण मी कुणाला सांगितलं नाही. नातेवाइकांपैकी जुन्यांनी ते ओळखलं असेलच.

खरं कारण म्हणजे वन्सं.

१९८२ साली आमच्या वन्संचा हात मोडला. मनगटाजवळ, साधंच. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात नेलं. पूर्ण भूल नको, नुसता हात बधिर करू, असं ठरलं. इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात त्यांना झटके आले आणि हृदय बंद पडलं. डॉक्टर तासभर छाती दाबत होते. बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो, माझ्या मांडीवर वन्संच्या चपला आणि बांगड्यांची पुरचुंडी. वन्सं तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या होत्या.

घरात पुढे कित्येक वर्षं एकच वाक्य ऐकू यायचं, "डॉक्टरने चुकीचं इंजेक्शन दिलं." माझ्या सासूबाई तर त्या डॉक्टरचं नाव निघालं की बोटं मोडायच्या. मीही त्यात सूर मिसळलेला आहे. खोटं कशाला बोलू?

तर अशी मी खांदा धरून बसलेली, आणि एका रविवारी वन्संच्या नातीचा फोन आला. ही आमची नात भूलतज्ज्ञ आहे. (आजीमुळे ही शाखा घेतलीस का, असं मी तिला एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "नाही गं, गुण तेवढेच पडले, जागा मिळाली ती घेतली!" म्हणजे कादंबरीत घडतं तसं काही नाही.) तिला कुणीतरी माझी चालढकल सांगितली असावी. म्हणाली, "मामीआजी, तू कशाला घाबरतेस ते मला माहीत आहे. थांब, तुला एक फोटो पाठवते."

फोटो होता ऑपरेशन थिएटरमधल्या एका कपाटाचा. खणात एक बाटली, आणि बाटलीत दुधासारखं पांढरंशुभ्र काहीतरी. मी म्हटलं, "हे काय, दूध?" ती म्हणाली, "तेल आहे. सोयाबीनचं. आजीच्या वेळी हे औषध म्हणून कुणाला माहीतच नव्हतं. आता आम्ही खांद्याचं इंजेक्शन द्यायच्या आधी हे जागेवर आहे ना, ते बघतो."

सोयाबीनचं तेल! रक्तात! मला काही चैन पडेना. तिला पुढचे पंधरा दिवस मी प्रश्न विचारून भंडावून सोडलं, तिने पाठवलेलं वाचलं, न समजलेलं परत विचारलं. मला दिसलं ते असं की या बाटलीच्या पोटात एक मोठा इतिहास आहे, आणि तो राजेरजवाड्यांच्या इतिहासापेक्षा काही कमी नाही.

सुरुवात करू १८८४ पासून. व्हिएन्नात कार्ल कोलर नावाचा तरुण डॉक्टर होता. कोकेनचे थेंब डोळ्यात टाकले तर डोळा बधिर होतो आणि माणूस जागा असताना डोळ्याचं ऑपरेशन करता येतं, हे त्याने दाखवलं. हायडेलबर्गला त्या सप्टेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांची परिषद होती, पण कोलरकडे जायला पैसे नव्हते. त्याचा निबंध दुसऱ्यानेच वाचून दाखवला. आणि बघता बघता ती बातमी जगभर गेली. भूल न देता, नुसता तेवढा भाग बधिर करायची विद्या माणसाच्या हाती आली. १८९८ मध्ये जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करून दाखवलं.

पण कोकेन विषारी आणि व्यसन लावणारं. मग त्याच्या धर्तीवर दुसरी औषधं आली. जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नोव्होकेन आलं. १९४३ मध्ये स्वीडनच्या नील्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन शोधलं, ज्याला आपण दाताच्या डॉक्टरकडे झायलोकेन म्हणून ओळखतो. आणि १९५७ मध्ये, पुन्हा स्वीडनमध्येच, बुपिव्हाकेन तयार झालं. आपल्या गोष्टीतलं मुख्य पात्र ते हेच.

बुपिव्हाकेन फार गुणी औषध. तासन् तास काम करतं. बाळंतिणीच्या वेदना थांबवायला, हातापायाची ऑपरेशनं करायला उत्तम. ऑपरेशननंतरही बराच वेळ दुखत नाही. पण हेच औषध चुकून थेट रक्तवाहिनीत गेलं, किंवा जास्त प्रमाणात रक्तात भिनलं, तर मात्र ते हृदयाला पकडतं. आपली नस असो की हृदय, दोन्हीकडे विजेचा संदेश जातो तो सोडियमच्या बारीक बारीक दारांतून. ही औषधं त्या दारांना खीळ घालतात. १९८५ मध्ये क्लार्कसन आणि होंडेघेम या संशोधकांनी एक छान फरक दाखवून दिला. लिग्नोकेन दारात पटकन शिरतं आणि पटकन निघतं. बुपिव्हाकेन पटकन शिरतं, पण निघताना रेंगाळतं. तोवर हृदयाचा पुढचा ठोका येतो आणि दार अजून बंदच. एखादा पाहुणा आत येतो चटकन, पण उठायचं नाव घेत नाही, तसं!

त्याआधी, १९७९ मध्येच, जॉर्ज अल्ब्राइट नावाच्या अमेरिकन भूलतज्ज्ञाने एका नामांकित मासिकात संपादकीय लिहून धोक्याची घंटा वाजवली होती. धडधाकट माणसांना ही इंजेक्शनं दिल्यावर झटके येतात आणि जवळजवळ त्याच क्षणी हृदय बंद पडतं, आणि एरवीचे उपाय लागू पडत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेत बाळंतपणासाठी या औषधाची सगळ्यात तीव्र मात्रा वापरणं बंद केलं गेलं. पण एकदा हृदय थांबलं तर काय करायचं? छाती दाबत राहायचं. जिथे हृदय-फुफ्फुसाचं यंत्र असेल तिथे रोग्याला त्यावर चढवायचं, म्हणजे औषध आपोआप उतरेपर्यंत यंत्र हृदयाचं काम करील. असं यंत्र जगात कितीशा ठिकाणी असणार? तालुक्याच्या गावाचं तर बोलायलाच नको.

आता पांढऱ्या बाटलीकडे येऊ.

शिरेतून माणसाला खाऊ घालायचा खटाटोप फार जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये विल्यम कोर्टन याने कुत्र्याच्या शिरेत ऑलिव्हचं तेल सोडून पाहिलं. कुत्रं मेलं. तेल आणि रक्त मिसळत नाहीत, तेलाचे गोळे फुफ्फुसात अडकतात. १८५४ मध्ये टोरांटोला कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा एडवर्ड हॉडर या डॉक्टरने रोग्यांच्या शिरेत चक्क गाईचं दूध भरलं. आज ऐकूनच अंगावर काटा येतो. पण त्याच्या डोक्यात काय होतं ते कळतं. दुधात स्निग्धांश असतो, पण तो पाण्यात इतका बारीक विखुरलेला असतो की वेगळा दिसत नाही. म्हणजे तेल पाण्यात मिसळायचं तर ते दुधासारखं व्हायला हवं.

विसाव्या शतकात अमेरिकेत सरकीच्या तेलाचं असं एक मिश्रण आलं. पण ते टोचल्यावर थंडीताप, कावीळ असे त्रास होऊ लागले, म्हणून १९६० च्या दशकात ते मागे घ्यावं लागलं. शेवटी स्वीडनचे आर्विड व्रेटलिंड यांना नीट जमलं. सोयाबीनचं तेल, अंड्याच्या बलकातलं फॉस्फोलिपिड आणि थोडं ग्लिसरीन. बलकातला तो पदार्थ तेलाच्या कणाभोवती असा बसतो की त्याची एक बाजू तेलाला धरते आणि दुसरी पाण्याला. कण रक्तातल्या पेशीहूनही पुष्कळ लहान. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये हे इंट्रालिपिड नावाने आलं. ज्यांना तोंडाने खाता येत नाही अशा रोग्यांना, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना त्यातून ताकद मिळू लागली. म्हणजे बाटली तर होतीच! १९८२ मध्येही ती जगात होती. फक्त ती जेवण म्हणून ओळखली जायची. तिच्या अंगात दुसरा गुण आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

तो गुण सापडला तो एका चुकलेल्या अंदाजातून. इथे 'चूक' हा शब्द येतो.

शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात गाय वाइनबर्ग हे भूलतज्ज्ञ. १९९० च्या दशकात त्यांच्यासमोर एक रोगी आली, तरुण मुलगी. तिला जन्मजात विकार होता, आणि त्यामुळे तिच्या शरीरात कार्निटिन नावाचा पदार्थ कमी होता. तिला बुपिव्हाकेनची अगदी थोडी मात्रा दिली, एरवी कुणाला काही झालं नसतं इतकी, पण तिच्या हृदयाची लय भयंकर बिघडली. वाइनबर्ग यांनी ती गोष्ट मनात धरून ठेवली. आपलं हृदय निम्म्याहून जास्त ताकद चरबी जाळून मिळवतं. पेशीतल्या भट्टीत ती चरबी पोचवायला कार्निटिन लागतं. मग बुपिव्हाकेन याच वाहतुकीत अडथळा आणत असेल का? तसं असेल तर चरबी भट्टीच्या बाहेर साचत जाणार. म्हणजे आधीच रक्तात तेल भरलं, तर बुपिव्हाकेनचा त्रास आणखी वाढायला हवा. तर्क अगदी सुबक होता. तो तपासायला त्यांनी उंदरांना आधी तेलाचं मिश्रण दिलं, मग बुपिव्हाकेन.

आणि उत्तर आलं उलटं! तेल दिलेले उंदीर लवकर मरण्याऐवजी उशिरा मरत होते. त्यांचं हृदय थांबवायला जास्त औषध लागत होतं.

इथे मला थोडं थांबून माझी एक गोष्ट सांगायची आहे.

१९७८ साली मी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या एका गावी शिक्षिका होते. शाळेत विज्ञानाच्या शिक्षकाची जागा रिकामी होती, म्हणून आठवीचं विज्ञानही माझ्या गळ्यात पडलं. पाण्याचा उत्कलनबिंदू काढायचा प्रयोग होता. स्पिरिटचा दिवा, चंचुपात्र, तापमापी, सगळं काही. एका मुलाने वहीत लिहिलं, 'शहाण्णव अंश'. मी म्हटलं, "नीट बघ. पुस्तकात शंभर आहे." तो परत बघून आला आणि म्हणाला, "बाई, शहाण्णवच येतंय. पाणी खळाखळा उकळतंय तरी पारा वर चढत नाही." मी त्याला वर्गासमोर बोलले. "पुस्तक लिहिणारे शहाणे की तू?" असं म्हटल्याचं मला स्पष्ट आठवतं. त्याने खाली मान घालून शहाण्णव खोडलं आणि शंभर लिहिलं. मी लाल शाईने बरोबरची खूण केली.

गाव समुद्रसपाटीपासून साधारण तेराशे मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, पाणी शहाण्णवच्या आसपासच उकळणार. आणि गंमत बघा, "इथे मेली तुरीची डाळ लवकर शिजत नाही" असं मी स्वतः रोज संध्याकाळी शेजारणीला सांगत होते! उत्तर माझ्या चुलीवर होतं आणि मी मुलाच्या वहीतलं खोडायला लावलं. दोन वर्षांनी भूगोलाचा धडा शिकवताना ते लक्षात आलं, तोवर तो मुलगा शाळा सोडून गेला होता.

वाइनबर्ग यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं? उंदीर मोजायला चुकलात, परत करा, असंच म्हटलं असतं. त्यांनी परत केलं, पण शंभर लिहिण्यासाठी नाही. परत परत करूनही शहाण्णवच येतंय म्हटल्यावर त्यांनी शहाण्णव छापलं. १९९८ मध्ये त्यांचा निबंध आला. तेल देऊन उंदीर औषधाची बरीच जास्त मात्रा सहन करतात, आणि हृदय थांबल्यानंतर तेल दिलं तरी त्याचा उपयोग होतो. त्याच निबंधात आणखी एक निरीक्षण होतं. पाणी आणि तेलाचं मिश्रण शेजारी शेजारी असलं, तर बुपिव्हाकेन तेलाकडे जवळजवळ बारापट ओढलं जातं.

हे वाचलं आणि मला आमच्या कोकणातला फणस आठवला. माझं माहेर तिकडचं. फणस चिरायच्या आधी आई विळीला आणि हाताला खोबरेल तेल लावायची. कारण एकदा चीक हाताला लागला की कितीही पाणी ओता, जात नाही. साबणानेही नाही. पण तेल चोळलं की चीक तेलाबरोबर निघून येतो. मी नातीला फोन करून विचारलं, "म्हणजे हा फणसाचा चीकच की गं?" ती दोन क्षण गप्प, मग म्हणाली, "मामीआजी, आता मी विद्यार्थ्यांना हेच उदाहरण देणार!" (या वयातही पाठीवर थाप मिळाली की बरं वाटतं.)

नंतरच्या वर्षांत यात भर पडली. तेल नुसतं औषध शोषून बसत नाही, तर हृदय आणि मेंदू इथलं औषध उचलून स्नायूंकडे आणि यकृताकडे नेऊन टाकतं. म्हणजे हमालाचं काम. शिवाय दमलेल्या हृदयाचा ठोका जोरकस व्हायलाही त्याची मदत होते, असं दिसून आलं आहे.

२००३ मध्ये वाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बारा कुत्र्यांवर प्रयोग केला. बुपिव्हाकेन देऊन हृदय थांबवलं, दहा मिनिटं हाताने हृदय चोळत ठेवलं, मग सहा कुत्र्यांना तेलाचं मिश्रण दिलं आणि सहांना नुसतं सलाइन. तेल दिलेली सहाही वाचली. सलाइनवाल्यांपैकी एकही नाही. हे वाचताना आनंदही झाला आणि पोटात कालवलंही. त्या मुक्या जिवांच्या नावाने कुठे पाटी लागत नाही. निदान इथे तरी त्यांची आठवण असू द्यावी.

तरीही माणसाला हे द्यायचं धाडस कोण करणार? निबंध छापून आला म्हणजे लगेच सगळे वापरू लागतात असं नसतं. पहिली गोष्ट लोकांपुढे आली ती २००६ मध्ये. न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय रुग्णालयात एक ५८ वर्षांचे गृहस्थ खांद्याच्या ऑपरेशनसाठी आले. (खांद्याच्या! वाचताना माझा हात आपोआप माझ्या खांद्यावर गेला.) मानेच्या बुडाशी इंजेक्शन दिलं, झटके आले, हृदय बंद पडलं. वीस मिनिटं सगळे उपाय झाले. हृदय काही चालेना. यंत्रावर चढवायची तयारी सुरू झाली. तेव्हा तिथे ते उंदरांचे, कुत्र्यांचे निबंध कुणाला तरी आठवले आणि तेलाचं मिश्रण द्यायचं ठरलं. शंभर मिली दिलं. हृदय चालू लागलं. गृहस्थ बरे झाले, मेंदूला काही इजा झाली नाही. मेग रोझेनब्लाट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही हकिकत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जर्मनीतून ८४ वर्षांच्या एका आजींची अशीच हकिकत आली. औषध जरा वेगळं होतं, बुपिव्हाकेनचं भावंड. आजीही वाचल्या.

मग मात्र चक्रं वेगाने फिरली. २००७ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने सूचना काढल्या. पुढे अमेरिकेतही तसंच झालं. जिथे ही इंजेक्शनं दिली जातात तिथे ही बाटली हाताशी हवी, असा दंडक होत गेला. मात्राही ठरली. २० टक्क्यांचं मिश्रण, सुरुवातीला किलोमागे साधारण दीड मिली, म्हणजे धिप्पाड माणसाला शंभर मिलीच्या आसपास, मग हळूहळू चालू ठेवायचं. अर्थात छाती दाबणं, प्राणवायू देणं हे सगळं सोडायचं नाही. तेल त्याच्या जोडीला.

२००८ मध्ये आणखी एक गोष्ट आली. अमेरिकेतली सतरा वर्षांची मुलगी. मनाच्या आजारावरच्या आणि फिटच्या गोळ्या भरमसाठ प्रमाणात तिच्या पोटात गेल्या होत्या. हृदय बंद पडलं. सत्तर मिनिटं डॉक्टर झुंजत होते. सत्तर मिनिटं! शेवटी तेल दिलं आणि मिनिटाभरात नाडी लागली. ती मुलगी सावरली. मी चाळीस वर्षं सतरा वर्षांच्या आतल्या मुलामुलींमध्ये काढली आहेत. त्या वयातल्या मनाला किती पटकन वाटतं की आता सगळं संपलं, हे मी बघितलं आहे. त्या मुलीसाठी ते डॉक्टर सत्तर मिनिटं थकले नाहीत, याचं मला तेलापेक्षाही मोल वाटतं.

साहजिकच लोकांना वाटलं, रामबाण सापडला. कुठल्याही विषावर तेल! रक्तदाबाच्या गोळ्या जास्त झाल्या, द्या तेल. पण तसं नाही निघालं. जे औषध तेलात विरघळतच नाही त्याला तेल काय करणार? शिवाय वाचलेल्यांच्या हकिकती छापून येतात, न वाचलेल्यांच्या मागे राहतात. इतिहासातही आम्ही हेच शिकवतो, जिंकलेल्याची बखर वाचताना हरलेल्याची बाजू विचारावी. तेलाने स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, रक्ताच्या तपासण्यांचे आकडे बिघडतात. २०२३ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने विषबाधेवरच्या सूचना नव्याने काढल्या. त्यात बधिर करायच्या औषधांच्या विषबाधेला तेल द्यावंच, असं ठामपणे सांगितलं आहे. रक्तदाबाच्या काही औषधांबाबत मात्र सरसकट देऊ नये असं म्हटलं आहे. म्हणजे पुन्हा तेच. वहीत जे येतं तेच लिहायचं. शंभर आवडलं म्हणून शंभर लिहायचं नाही.

हे सगळं वाचून झालं त्या रात्री मला झोप लागली नाही. सारखा तो १९८२ चा बाक डोळ्यांसमोर येत होता. वन्संना कुठलं औषध दिलं होतं, ते आम्ही कधी विचारलं नाही, आणि आता सांगायलाही कुणी उरलेलं नाही. तेव्हा वन्संच्या बाबतीत हेच झालं असं मी म्हणणार नाही. पण एवढं कळलं की त्या काळात जगातल्या मोठमोठ्या इस्पितळांतही असं घडत होतं, निष्णात हातांकडून घडत होतं, आणि तिथेही डॉक्टर असेच तास तास छाती दाबत उभे होते. कारण दुसरं काही त्यांना माहीतच नव्हतं.

त्या डॉक्टरांचा चेहरा मला आठवतो. बाहेर आले तेव्हा शर्ट घामाने पाठीला चिकटलेला होता. हात थरथरत होते. त्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण आमच्यापैकी कुणी ऐकून घेतलं नाही. पुढे ते गाव सोडून गेले. आम्ही त्यांना तळतळाट दिले आणि त्यातच आमचं दुःख थोडं हलकं केलं. तेव्हा माझ्या मनात कुठेतरी प्रश्न आला होता, हे खरंच त्यांच्या हातून चुकलं का? पण घरात ते बोलायची सोय नव्हती. म्हणजे मीही शहाण्णव खोडून शंभरच लिहिलं होतं की! चाळीसहून जास्त वर्षं.

असो. माझं ऑपरेशन झालं. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई बघत बघत, थोडं थोडं, थांबून थांबून इंजेक्शन दिलं. देण्याआधी मी तिथल्या भूलतज्ज्ञांना विचारलंच, "पांढरी बाटली आहे ना?" ते आधी चमकले, मग हसले आणि मान वळवून एका कपाटाकडे बोट दाखवलं. हात बधिर झाला, खांदा शिवला गेला, बाटली जागेवरून हललीसुद्धा नाही. आता वेणी स्वतःची स्वतः घालते.

घरी आल्यावर नातीला विचारलं, "तुमच्या कपाटातली ती बाटली तू कितीदा उघडलीस?" ती म्हणाली, "एकदाही नाही. मुदत संपली की टाकून देतो आणि नवी आणून ठेवतो. वाया जाते ना, तेच बरं."

मला वन्संच्या फोटोकडे बघावंसं वाटलं. फोटोत त्या हसत आहेत, आणि ज्या मनगटासाठी गेल्या त्यात हिरव्या बांगड्या आहेत. त्यांना सांगितलं, तुमची नात रोज सकाळी एका बाटलीची तारीख बघते. आणि त्या डॉक्टरांना, ते जिथे असतील तिथे, मनातल्या मनात तेच म्हटलं जे वाणी पावतीच्या तळाशी छापायचा. आमच्याकडून तुमचं फार घेतलं गेलं. परत कसं द्यायचं, ते आता कळत नाही.

आणि माझ्या त्या आठवीतल्या विद्यार्थ्याला, आता तोही साठीचा झाला असेल. बाळ, तुझं शहाण्णव बरोबर होतं.

चू. भू. द्या. घ्या.